न सांगितलेले पत्ते

धाराशिवच्या बसस्थानकापासून दहा मिनिटांच्या अंतरावर माझा संगणक-वर्ग आहे. गेली वीसेक वर्षे मी तिथे वेब डिझाईन शिकवतो. संकेतस्थळाचे पान कसे मांडावे, अक्षरवळण म्हणजे फॉन्ट कोणता घ्यावा, रंग कोणता, चित्र कुठे, आणि हे सारे कोडमध्ये कसे लिहावे, एवढा तो विषय आहे. ‘शिकवतो’ हे क्रियापद मी येथे सवयीने वापरले. ते कितपत खरे आहे, हे तपासण्यासाठी लिहायला बसलो आहे.

वर्ग सुरू केला तेव्हा चार संगणक होते आणि वीज दिवसातून निम्मा वेळ नसे. म्हणून मी विद्यार्थ्यांना कोड वहीत लिहायला लावत असे. मी फळ्यावर लिहायचे, त्यांनी उतरवून घ्यायचे, मी लाल शाईने तपासून सही-शिक्का करायचा. पुढे संगणक वाढले, वीज टिकू लागली, प्रत्येकाच्या हातात मोबाइल आला. वही मात्र राहिली. फळ्यावर मी जे लिहीत होतो, तेही राहिले. पान उभ्या-आडव्या तक्त्यांत बसवण्याची ती जुनी पद्धत जगाने केव्हाच सोडली होती, हे मला ठाऊक होते.

ठाऊक असण्याचे कारण असे, की दुपारी वर्ग रिकामा असताना मी स्वतः शिकत असे. डावीकडे कोड लिहिले की उजवीकडे लगेच पान दिसते, असे एक मोफत धड्यांचे संकेतस्थळ मी रोज उघडत असे. मराठीची सुबक अक्षरवळणे फुकट देणारे दुसरे होते. तिसऱ्यावर दोन रंग टाकले की उन्हात मोबाइल धरलेल्या म्हाताऱ्या माणसाला ती अक्षरे वाचता येतील की नाही, ते कळे. चौथ्यावर कोणीही वापरावीत अशी छायाचित्रे होती. पाचव्यावर आपले काम साठवून ते जगाला दिसेल असे विनामूल्य मांडता येत असे. शिवाय कुठल्याही पानावर उजवे बटण दाबून त्याचे आतले कोड वाचता येते, ही तर सर्वांत मोठी शाळा. हे पाच पत्ते नवशिक्याला माझ्या सहा महिन्यांच्या शिकवण्याहून अधिक देऊ शकत होते. मी ते कोणालाही सांगितले नाहीत. सांगितले तर माझी झेरॉक्स केलेली टिपणे किती शिळी आहेत ते उघडे पडेल, हे एक कारण. दुसरे कारण मी शोधले, पण सापडले नाही.

मागच्या वर्षी अणदूरहून एक सून आणि तिची सासू आल्या. सून तिशीच्या आसपासची, बारावी झालेली, बोलणे बेताचे. प्रवेशाच्या दिवशी बोलली ती सासूच.

“सर, एक वरीस दिलंय म्या हिला. पुढच्या पेरणीपस्तोर. तवर हिच्या वाटची खुरपणी म्या करते. मालक म्हणले, सून खुर्चीत बसणार आन् तू वावरात? म्या म्हणलं, बसंना. माझे गुडघे अजून चालायलेत.”

“आणि वर्षात नोकरी नाही लागली तर?” मी विचारले.

“मग काय. खुरपं कुठं पळून जायलंय?”

घरून करता येईल असे काम सुनेला हवे होते. वर्षात ते मिळाले नाही, तर ते पुन्हा मागायची सोय तिला घरात उरणार नव्हती. हे त्या दोघींनी मला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितले होते. न कळल्याचा बहाणा मला करता येणार नाही.

तिची वही माझ्या वर्गातली सर्वांत देखणी वही होती. टॅग, म्हणजे टोकदार कंसांतल्या खुणा, निळ्या शाईने, रंगांची नावे तांबड्या, मजकूर काळ्या. शनिवारी सासू तुळजापूरचे काम आटोपून वर्गात येऊन बसे आणि शेजारून पाहत राही.

“ही नुसती टोकं टोकं काढायलीस. ह्याचं काय निघतंय गं?”

“आत्या, त्याला टॅग म्हणतात.”

“असंल. शेळीच्या कानात असतोय तसला का?”

सगळा वर्ग हसला. मीही हसलो. सुनेने मला एकदा विचारले होते, “सर, हे पान घरच्यांना मोबाइलवर कसं दाखवायचं?” तेव्हा मी “ते पुढच्या भागात आहे” असे म्हटले. पुढचा भाग नव्हता.

वैशाखात सोलापूरच्या एका लहान कार्यालयातून तिला मुलाखतीला बोलावणे आले. काम हवे तसे होते, तीन महिने तिथे जाऊन आणि पुढे घरून. काय घेऊन जाऊ, असे तिने विचारले. मी म्हणालो, “ही वही न्या. एवढी नीटनेटकी वही त्यांनी पाहिली नसेल.” हे मी खोटेपणाने म्हटले नव्हते. इतकी वर्षे वह्या तपासून, वही म्हणजेच काम असे मला खरोखर वाटू लागले होते.

चार दिवसांनी दोघी आल्या. वर्गात दहा-बारा जण बसले होते. तिने बसण्याआधीच सांगून टाकले.

“नाही झालं, सर. तिथल्या बाईंनी सगळी वही बघितली. म्हणाल्या, अक्षर फार सुंदर आहे, आता काम दाखवा. मी म्हणलं, हेच काम आहे. त्या म्हणाल्या, लिंक द्या, उघडून बघते. माझ्याकडं लिंक नव्हती.”

“मग?”

“मग काही नाही. चहा दिला त्यांनी.”

तिने वहीचे शेवटचे पान उघडून माझ्यासमोर ठेवले. अनोळखी हस्ताक्षरात तिथे पाच पत्ते होते आणि प्रत्येकापुढे त्याचा उपयोग एका ओळीत. पाचही माझे होते.

“सर, हे तुम्हाला माहीत होतं का?”

तिच्या स्वरात आरोप नव्हता. माझ्या मनातही त्या वेळी काही हलले नाही.

“नाही,” मी म्हणालो. “नवीन निघालं असेल.”

“मग बघा, मी दाखवते. बाईंनी मला एकदा उघडून दाखवलंय.”

मी माझ्या टेबलामागची खुर्ची तिला दिली आणि बाजूला उभा राहिलो. सासू म्हणाली, “घ्या. आता सरालाच शिकवायली.” मुले हसली.

माझ्या संगणकावर तिने पहिल्या पत्त्याची दोन अक्षरे दाबली. उरलेला पत्ता आपोआप भरला गेला. खाली मी उघडलेल्या धड्यांची रांग उतरली, कालच्या दुपारची सुद्धा. तिची बोटे थांबली. मग उरलेली अक्षरे तिने एकेक करून दाबली. त्याची काहीच गरज नव्हती. दुसऱ्या पत्त्याला तेच झाले, तिसऱ्यालाही.

“सर, इथं डावीकडं लिहायचं,” ती त्याच आवाजात सांगत होती, “उजवीकडं दिसतं.”

मी मान हलवत होतो. मुले उठून तिच्यामागे गोळा झाली आणि पत्ते उतरवून घेऊ लागली. पाचही पत्ते सांगून झाल्यावर ती उठली. “येते, सर,” म्हणाली. माझ्याकडे तिने पाहिले नाही. दोघींना साडेचारची बस गाठायची होती.

मृगात पेरण्या सुरू झाल्याचे कळले, तेव्हा मी प्रवेशअर्जावरच्या क्रमांकावर फोन केला. सासूने उचलला.

“सर व्हय? ती वावरात हाय. ट्रॅक्टर आलाय पेरायला. काय सांगू?”

“ते पाचही पत्ते मला आधीपासून ठाऊक होते. मी त्या दिवशी खोटं बोललो. एवढं सांगा त्यांना.”

मागे ट्रॅक्टरचा आवाज चालू होता.

“ते तिला म्हाईत हाय, सर. बसमधीच म्हणली ती मला. म्या म्हणलं, मग एवढा येळ त्याला शिकवत कशाला बसलीस? तर म्हणली, सरांना म्हाईत होतं, पण मागं बसलेल्या पोरांना न्हवतं की, आत्या.”

वर्ष संपल्यावर पुढे काय ठरले, असे मी विचारले.

“काय ठरायचंय. आणखी एक वरीस दिलं असतं म्या, पण आता गुडघे ऐकंनात. सांजच्याला मोबाइलवर करती काईबाई. ठेवते, सर, बियाणं संपलंय तिकडं.”

फोन बंद झाला. मी दारातच उभा होतो. तीनची तुकडी येऊन बसली होती, म्हणून आत गेलो.