साव्हेता वहिनीचं मालिकेतलं स्पॅनिश

माझी साव्हेता वहिनी स्पॅनिश शिकली टीव्हीवर. तिकडे रुमानियात, आमच्या गावी, रोज संध्याकाळी मेक्सिकोची मालिका लागायची आणि खाली आमच्या भाषेत अक्षरं यायची. वहिनीचा चष्मा फुटला आणि नवा आणायला माझ्या भावाने, त्या आळश्याने, वर्ष घालवलं. अक्षरं दिसेनात म्हणून बाई कानांनीच शिकली.

पुढे ती माझ्याकडे स्पेनमध्ये, कास्तेयोनला आली. मी तिला फुएन्सांता आजींना सांभाळायचं काम लावून दिलं. आजींनी त्याआधीच्या सगळ्या बायका पळवून लावल्या होत्या. त्यांचा मुलगा एलिसेओ म्हणाला, "महिनाभर बघतो. नाही जमलं तर आईला वृद्धाश्रमात नेऊन टाकतो."

मालिकेतल्या बायका भांडी घासत नाहीत. त्यामुळे झारा, बादली, फडकं यातलं काहीच वहिनीला सांगता येईना. येत होतं काय, तर "नराधमा, चालता हो!" पहिल्याच दिवशी आजींनी सूप ढकलून दिलं. वहिनी छातीवर हात ठेवून म्हणाली, "मला ठार मारा, पण असं तोंड फिरवू नका!" आजी मुकाट्याने सूप प्यायल्या.

हे ऐकून मी कपाळाला हात लावला. "अगं बये, इथे कोणी असं बोलत नाही!"

"मग वन्सं, इथली माणसं भांडतात तरी कशी?"

महिना भरला त्या दुपारी मी तिथेच होते. एलिसेओ आला तो गाडी दारात लावूनच. "जमो न जमो, आश्रमात जागा मिळालीय. आईची बॅग भर."

वहिनी दारात आडवी उभी राहिली. "माझ्या जिवात जीव आहे तोवर या माउलीला इथून कोणी हलवणार नाही!"

मालिकेत असल्या वाक्याला भाग संपतो. वहिनी वाट बघत राहिली. भाग काही संपेना. एलिसेओ समोर तसाच उभा. पुढचं वाक्य तिच्याकडे नव्हतंच. ती माझ्याकडे बघायला लागली. मला मेलीला कामावरचं, संत्र्यांच्या गोदामातलं स्पॅनिश येतं, त्यात नुसत्या शिव्या.

तेवढ्यात आतून आजींचा आवाज आला. "एलिसेओ, जाताना दार ओढून घे, गार वारा येतोय. आणि पोरी, सूप गरम कर. तिघींपुरतंच."

एलिसेओने दार ओढून घेतलं. बाहेरून.