परत ठेवलेल्या तिसऱ्या

ओहोटीला खाडीच्या चिखलात तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, वेचणाऱ्या सुमनमावशी त्यातल्या बारक्या शिंपल्या अंगठ्यानं पुन्हा चिखलात दाबत होत्या. "ह्या अजून वाढायच्या हायत, ताई. आमी नेहमीच ठेवतो," त्या म्हणाल्या.

दोन वर्षं अभ्यासासाठी मी इथंच चिखलावर मापाची चौकट टाकून तिच्या आतल्या तिसऱ्या मोजल्या होत्या. त्या कमी झाल्या होत्या हे खरंच. पण कारण मी कुणालाही न विचारताच अहवालात लिहिलं होतं: बायकांची बेसुमार वेचणी.

"मग कमी कशानं झाल्या?"

त्यांनी वरच्या अंगाला नदीवर बांधलेल्या नव्या बंधाऱ्याकडे बोट दाखवलं. "गोडं पाणी अडलं तवापास्नं. तुमी कधी विचारलंच नाय."

माझ्याच अहवालावरून आता वेचणी बंद होणार होती. मावशींना ते अजून ठाऊक नव्हतं.