चारी दिशांना अंधार

तीस वर्षं मी रात्रपाळी केली आणि रात्र कशी दिसते हेच मला माहीत नव्हतं. सुरतेतल्या उधन्याच्या लूम खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, रात्र म्हणजे ट्यूबलाइट आणि खडखडाट. संध्याकाळी आत जायचं, सकाळी डोळे चोळत बाहेर यायचं आणि भर उन्हात पडदे ओढून झोपायचं. मी योगराज, शिंदखेड्याकडचा. सुरतेला आलो तेव्हा चार वर्षांत मास्टर, म्हणजे खात्याचा मुकादम, होईन असं सगळ्या गावाला सांगून आलो होतो. गावाने अजून त्याबद्दल विचारणं सोडलेलं नाही.

या कामाने मला दोन गोष्टी दिल्या. लांबूनच तुटलेला धागा ओळखणारे डोळे आणि अर्धेमुर्धे कान. खात्यात कुणाचं बोलणं ऐकू येत नाही, समोरच्याच्या ओठांकडे बघून समजून घ्यावं लागतं. पुढे पुढे घरीही तीच गत झाली. माझी बायको उज्ज्वला पाठमोरी बोलली की मला कळत नाही. तिचं म्हणणं असं की मला सगळं कळतं, मी सोंग घेतो. आमच्या दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. मुलगी वर्षा मात्र लहानपणापासून माझ्यासमोर येऊन, तोंड माझ्याकडे करून, ओठ नीट हलवत बोलते. खरं सांगायचं तर घरात माझ्या गप्पा होतात त्या तिच्याशीच.

तर ही वर्षा कॉलेजच्या कुठल्याशा आकाशमंडळात शिरली. मंडळाबरोबर एकदा कच्छच्या रणात जाऊन आली आणि तिथलंच बोलू लागली. रणाच्या काठी एक लहानसं गाव आहे, गावाबाहेर पाहुण्यांसाठी तंबू लागतात आणि तिथे थंडीच्या हंगामात लोकांना तारे दाखवायला पोरं-पोरी ठेवतात. तंबूवाल्यांनी हिला बोलावलं होतं. दिवाळी झाली की जायचं होतं.

मला सरळ नाही म्हणायला हवं होतं. पण शिकल्यासवरल्या पोरीला नाही म्हणणारा बाप जुन्या वळणाचा दिसतो, आणि मला तर नव्या वळणाचा दिसायचं होतं. म्हणून मी शहाणपणा केला. म्हटलं, ताऱ्यांसाठी एवढं लांब कशाला जायचं, तारे काय कच्छवाल्यांनीच घेऊन ठेवलेत का? सुरतेच्या आसपास तसलीच जागा मी शोधून देतो. सापडली तर तू इथेच राहायचं, इथल्याच लोकांना तारे दाखवायचे, नाही सापडली तर खुशाल कच्छला जायचं. वर्षाने जरा विचार केला आणि एकच अट घातली. उभं राहून चारी दिशांना बघितलं तर एकही लाइट दिसता कामा नये. मी हसत हसत कबूल झालो.

सुट्टीच्या दिवशी मी स्कूटर काढू लागलो. पहिल्यांदा गेलो डुमसला. समुद्रावर अंधारच असणार असा माझा हिशेब होता. तिथे भजियांच्या गाड्या दिव्यांनी लखलखत होत्या आणि पाण्यात जहाजांचे दिवे होते. तरी एक मोठा तारा सापडला. मी मान वर करून त्याच्याकडे कौतुकाने बघत बसलो. तारा हळूहळू मोठा झाला, त्याला चाकं फुटली आणि तो विमानतळावर उतरला.

मग कामरेजकडे गेलो. हायवेवर ट्रकांची रांग आणि प्रत्येक ट्रकचा उजेड थेट माझ्या डोळ्यांत. उसाच्या शेतात शिरून बघावं म्हटलं, तर शेतमालकाला वाटलं मी विहिरीवरची पाण्याची मोटार चोरायला आलोय. मी तारे बघायला आलोय असं त्याला सांगितलं, तेव्हा त्याचा संशय आणखी वाढला. उज्ज्वला म्हणाली, "तुम्हले दिवसा कपडावरला डाग दखात नही, नी रातले तारा दखाले निंघनात." म्हणजे ज्याला दिवसा कापडावरचा डाग दिसत नाही तो रात्री तारे बघायला निघालाय. हे मात्र तिने समोर उभं राहून सांगितलं.

शेवटी मांडवीच्या वाटेवर एक जागा सापडली. एक लहान तलाव, त्याचा मातीचा बांध आणि पश्चिमेला टेकडी. सुरतेचा सगळा झगमगाट त्या टेकडीमागे अडकलेला. आभाळ ढगांनी भरलेलं होतं; बांधावर उभा राहून मी चारी दिशांना बघितलं, स्वतःचा हातसुद्धा दिसेना. मला इतका आनंद झाला की मी बांधावरून घसरलो.

आता पोरीला दाखवायला दिवस कुठला निवडावा? इतकी वर्षं सुरतेत राहिलेल्या माणसाला बाहेर आभाळाखाली बसायचं म्हटलं की दुसरा दिवस सुचतच नाही. चंदी पडवो! कोजागरीचा दुसरा दिवस, सगळं शहर तुपात घोळलेली घारी नावाची मिठाई आणि फरसाण घेऊन उघड्यावर बसतं. आम्हीही डबे भरले आणि तिघं त्या बांधावर जाऊन बसलो. थोड्या वेळाने समोरून परातीएवढा चंद्र वर आला. तलाव, बांध, घारीवरचं तूप, सगळं दुधात बुडवल्यासारखं पांढरं झालं आणि आभाळात मोजून पाच-सहा तारे उरले. वर्षा हसली नाही. तिने घारी संपवली आणि चंद्राच्या उजेडात माझ्याकडे तोंड करून म्हणाली की पप्पा, दिवाळीच्या सुट्टीत, अंधाऱ्या दिवसांत, पुन्हा येऊ. तिने मला आणखी एक संधी दिली, आणि मी ती निर्लज्जासारखी घेतली.

दिवाळीला लूम बंद झाले. आमच्या चाळीतली निम्मी माणसं खानदेशात गेली, मी मात्र गेलो नाही. उज्ज्वलाने माझ्या ताऱ्यांना लांबूनच नमस्कार केला आणि घरी राहिली. दिवस मावळायच्या सुमारास मी आणि वर्षा बांधावर पोचलो. हळूहळू अंधार पडला आणि जे दिसलं त्याचं वर्णन मला जमणार नाही. मी तोंड उघडं टाकून उभा होतो एवढंच सांगतो. एवढी सगळी वस्ती रोज माझ्या डोक्यावर होती आणि मी खाली मान घालून धागे जोडत होतो.

वर्षा काहीतरी बोलत होती. मला काहीच कळत नव्हतं. तिचे ओठ दिसत नव्हते. इतके दिवस मी अंधार शोधत फिरलो, आणि अंधारात मला तिचं बोलणं कळणार नाही ही साधी गोष्ट माझ्या ध्यानातच आली नव्हती.

तिच्या मात्र लगेच ध्यानात आली. तारे बघताना डोळे दिपू नयेत म्हणून लाल कागद लावलेली छोटी टॉर्च तिने स्वतःच्या हनुवटीखाली धरली. लाल उजेडात तिचे ओठ दिसू लागले. मग तिने सांगायला सुरुवात केली. टेकडीच्या माथ्यावर चमकतोय तो शुक्र. वरती अभिजित, पलीकडे श्रवण, मधून गेलेली आकाशगंगा. बोलता बोलता ती मला विसरली. "आता सगळ्यांनी मागे वळा, उत्तरेकडे बघा," असं म्हणाली, तेव्हा मला कळलं की हे तिने रणातल्या पाहुण्यांसाठी पाठ केलेलं आहे, कित्येक दिवस गच्चीवर एकटीने म्हणून बघितलेलं आहे. मी एकटाच 'सगळे' होतो. मी मागे वळलो.

परत तिच्याकडे वळलो तेव्हा ती थांबली होती. तिने सावकाश चारी दिशांना बघितलं.

"जागा चांगली शे, पप्पा," ती म्हणाली. "तुम्ही जिंकनात. मी त्यासले फोन करी दिसू, येत नही म्हणीसन."

तंबूवाल्यांना नाही कळवायचं म्हणत होती, तरी तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. मी जिंकलो होतो, आयुष्यात पहिल्यांदाच जिंकलो होतो.

मी टेकडीकडे बोट केलं.

"तठे दख. लाईट शे."

तिने वळून बघितलं. मग टॉर्च पुन्हा हनुवटीपाशी आणली. "पप्पा, तो शुक्र शे. आत्तेच सांगं ना मी."

"हॅलोजन शे," मी म्हणालो. "तीस वरीस लाईटखाले काढात मी, माले नको शिकाडू. चारी दिशासले अंधार नही. मी हारनू."

तिने एकदा शुक्राकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"हां पप्पा," ती शेवटी म्हणाली. "हॅलोजनच शे."

मग तिने टॉर्च बंद केली. त्यानंतर बराच वेळ ती माझा हात धरून काहीतरी बोलत होती. मला ते कळलं नाही.