आत्याला सांगितलेलं पाणी

आमची बेटावरची आत्या कुणाकडेही गेली, की चपला बाहेरच्या दिशेला तोंड करून काढायची. "निघताना वळाया नगं," म्हणायची. मुक्कामाचा तिला मनापासून कंटाळा. लग्नातही अक्षता पडल्या की तिचं लक्ष कलत्या उन्हाकडे.

बेट म्हणजे समुद्रातलं नव्हे. उजनीचं धरण भरलं तेव्हा इंदापूर तालुक्यातली तिच्या सासरची काळी रानं पाण्याखाली गेली आणि घर असलेला उंचवटा तेवढा वर राहिला. उन्हाळ्यात पाणी हटलं की तिथे चालत जाता येई. पुण्याकडे पाऊस झाला की चहूकडून पाणी. नवरा गेला, मुलगा इंदापुरात दुकान टाकून राहिला. ही मात्र चार शेळ्या घेऊन तिथेच. होडी स्वतः वल्हवायची.

तिला वाचायला येत नव्हतं, पण पेपरातला धरणाचा आकडा कुणाकडून तरी रोज वाचून घ्यायची. "मायनस हाय का प्लस?" हा पहिला प्रश्न, खुशाली नंतर. मायनस म्हणजे पाणी हटलेलं, बेटावर चालत जाता येणार; प्लस म्हणजे चढलेलं, होडीशिवाय वाट नाही. दारात यम आला तरी आत्या आधी हेच विचारेल, अशी आम्ही चेष्टा करायचो.

एका हिवाळ्यात ती होडीतून उतरताना पडली आणि दीड दिवस काठावरच पडून राहिली. मासे धरणाऱ्यांनी पाहिलं म्हणून वाचली. तिच्या मुलाचा, आमच्या दादाचा, धीर सुटला. पुढच्या जूनमध्ये त्याने तिला माझ्याकडे बारामतीला आणलं. "आठ दिस आराम कर, जुनी देवळं बघ," असं तिला सांगितलं. मला बाजूला घेऊन म्हणाला, "पाणी चढंस्तवर ठिऊन घे. होडी मी इकतो. मग म्हातारी जाती कशी? इचारलं तर सांग, मायनसच हाय." मी हो म्हणालो. तेव्हा मला ते शहाणपणाचं वाटलं.

मी तिला कऱ्हेकाठचं दगडी देऊळ दाखवलं, मग डागडुजी केलेली जुनी गढी. गढीत ती बराच वेळ वर बघत उभी राहिली.

"हितली मानसं कुठं गेली?"

"गेली कधीच, आत्या."

"मग एवढं नीटनेटकं कुनासाटी केलं?"

मी तिला उसाचा रस पाजायला नेलं.

रोज सकाळी चहाबरोबर तिचा प्रश्न यायचा. पेपर मी आधीच उचलून ऑफिसच्या पिशवीत घातलेला असे. बारामतीवर ढग यायचे आणि तसेच पुढे जायचे, त्यामुळे माझं खोटं सहज खपलं. "मायनसच आहे, आत्या." "मग ऱ्हाते अजून दोन दिस," म्हणायची आणि खरंच मजेत राहायची. आयुष्यात पहिल्यांदाच तिला कुणी आयता चहा हातात देत होतं. शेजारच्या बायकांना कौतुकाने सांगायची, "भाचा पेपर वाचून सांगतू मला." ते ऐकूनही दुसऱ्या दिवशी मी तेच सांगायचो.

तीन आठवड्यांनी दादा आला. धरण केव्हाच प्लसमध्ये आलं होतं. होडी आणि शेळ्या विकल्या, घराचे पत्रे उतरवले, बेटाभोवती पाणी कधीच चढलं, हे त्याने उभ्या उभ्याच सांगितलं. "आता इंदापुरातच ऱ्हायचं, आये."

ती आरडाओरडा करेल असं मला वाटलं होतं. पण हातातली बशी खाली ठेवून ती माझ्याकडे वळली. "त्यो ल्योक हाय माजा, भ्याला आसंल. तुला कशाचं भ्या हुतं?"

मी तिची बशी उचलून आत नेऊन ठेवली.

दादाकडे ती दोन वर्षं जगली. खाण्यापिण्यात, औषधपाण्यात काही कमी नव्हतं; पडली असती तर चार माणसं धावली असती. दादाचं चुकलं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मी अधूनमधून जायचो. ती भाकरी खाऊन जायचा आग्रह करायची, माझ्या बायकोसाठी शेवया बांधून द्यायची. राग असा कधी दिसला नाही. धरणाचं मात्र तिने मला पुन्हा विचारलं नाही.

शेवटच्या खेपेला औषधाची वेळ झाली का, ते तिला बघायचं होतं. मी समोरच बसलो होतो, मनगटावर घड्याळ होतं. आत्या भिंतीला धरून उठली, दारापर्यंत गेली आणि शेजारणीला हाक मारून तिने विचारलं, "किती वाजलं गं?"