येते म्हणून गेलेल्या

२००१ साली नाशिकच्या घरातून निघाले, तेव्हा टॅक्सी खाली हॉर्न वाजवत होती आणि मी बॅगांचं वजन तिसऱ्यांदा करत होते. आईच्या पाया पडले आणि घाईत म्हणाले, "जाते गं." तिने दंडाला धरून थांबवलं. "जाते काय? येते म्हणावं. किती वेळा सांगायचं?" मी "येते" म्हणाले. "ये," ती म्हणाली आणि फोडणी करपेल म्हणून आत वळली. आमच्याकडे रडारड नव्हती. शब्द बरोबर म्हटला की झालं.

अमेरिकेत, मॉरिसव्हिलला, पहिली काही वर्षं नवऱ्यामागून डिपेंडंट व्हिसावर घरात काढली. ग्रीन कार्ड आल्यावर वृद्धांच्या एका डे-सेंटरमध्ये फ्रंट डेस्कवर लागले. दाराशी बसायचं, कोण आलं, कोण गेलं ते रजिस्टरमध्ये लिहायचं. सोपं काम.

अबेना तिथे मदतनीस होती. घानाची, माझ्याच वयाची. ती रोज तिच्या आईला सोबत आणायची. आईला सगळे 'नाना' म्हणत, कारण त्यांच्याकडे आजीला नाना म्हणतात. आमच्याकडे नाना म्हणजे रिटायर झालेले हेडमास्तर, हे मी सांगितलं तेव्हा अबेना हसून हसून टेबलावर आडवी झाली.

नाना मेलेल्या बहिणीशी बोलायच्या, साबणाच्या वड्या पर्समध्ये लपवायच्या. आजार उघड होता. पण चर्चमध्ये अबेनाने "आईला शुगर आहे" एवढंच सांगितलं होतं. का, ते तिने एकदा लंचला सांगितलं. "माझ्या आजोळी एक म्हातारी अशीच स्वतःशी बोलायची, भटकायची. शेजारचं मूल तापाने गेलं आणि लोक म्हणाले, ही चेटकीण. गावाबाहेर काढली तिला. सगळे तसे नसतात. आमच्या पास्टरांनीच मला डॉक्टर गाठून दिला. पण परवा चर्चमध्ये एका बाईने आईला पाहून आपलं बाळ दुसऱ्या कडेवर घेतलं."

तिच्या भावाला, क्वामेला, आईला परत पाठवायची होती. इथल्या एकटेपणानेच ती बिघडली, घर दिसलं की सुधारेल, असं त्याचं म्हणणं. "घर दिसेल तिला," अबेना म्हणाली. "पण घराला ती काय दिसेल?" तिच्याकडे उत्तर एकच होतं: इथे आई सुरक्षित आहे.

"चेटूकबिटूक काही नसतं," मी ठणकावलं. "मेंदूचा आजार आहे."

"तुमच्यात काय म्हणतात याला?"

"म्हातारचळ. म्हातारपणी डोकं फिरतं ना, ते."

"मग काय करता?"

"करायचं काय? दुर्लक्ष."

तिने चमचा खाली ठेवला. "म्हणजे तुम्ही हाकलत नाही. नुसतं ऐकायचं बंद करता."

मला ते झोंबलं. त्याच आठवड्यात दादाचा नाशिकहून फोन आला होता. आई बाबांसाठी ताट वाढून ठेवते म्हणाला. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली होती. "म्हातारचळ, दुसरं काय," दादा म्हणाला आणि मी म्हणाले, "लक्ष देऊ नकोस."

मार्चमधल्या एका दुपारी मी फोन खांद्यात धरून घरी सोडणाऱ्या व्हॅनची यादी करत होते. नाना पर्स घेऊन दाराशी आल्या. "आय ॲम कमिंग," म्हणाल्या. मान वर न करता मी म्हणाले, "ओके नाना, कम." त्या गेल्या.

अबेनाच्या लोकांतही निघताना 'जाते' म्हणत नाहीत, 'येते' म्हणतात. आमच्या ऑफिसातली अमेरिकन माणसं यावरून नेहमी गोंधळायची. त्यांच्यापैकी कोणी डेस्कवर असतं तर निदान मान वर करून विचारलं असतं, कमिंग? कुठे? मला विचारावंसं वाटलं नाही. इतकं ते कानाला ओळखीचं होतं. आईने मला दिलं होतं तेच उत्तर मी दिलं: ये.

दोन तासांनी नाना पोलिसांना सेंटरसमोरच्या मोठ्या रस्त्यापलीकडच्या गॅस स्टेशनवर सापडल्या. पायात एकच चप्पल. बहिणीची वाट बघतेय, असं सांगत होत्या. सहा लेन त्यांनी कशा ओलांडल्या, ते कुणालाच कळलं नाही. अबेनाने मला एवढंच विचारलं, "काय म्हणाली होती?" मी सांगितलं. तिने मान हलवली आणि आईचा कोट शोधायला गेली.

आठवड्यात क्वामे तिकीट घेऊन आला. इथे ती सुरक्षित आहे, हे आता अबेना म्हणू शकत नव्हती.

पुढच्या बातम्या घानाहून तुटक येत. नानांना घरामागची खोली दिली आहे. भाच्या उंबऱ्यावर ताट ठेवून लगेच फिरतात. मुलांना तिकडे जायची बंदी आहे. शेवटी कळलं, दाराला बाहेरून कडी घातली आहे. "तिच्याच काळजीने, असं म्हणतात," अबेना म्हणाली. मग तिने हातमोजे चढवले आणि कामाला लागली.

त्या शनिवारी मी फोन कार्ड घेऊन नाशिकला फोन लावला. दादा खुशीत होता. "आता टेन्शन नाही. आईच्या खोलीला बाहेरून कडी बसवून घेतली. सारखी निघते गं. कुठे म्हटलं तर म्हणते, घरी."

मी फोन आईकडे द्यायला सांगितला. स्पीकर लावला, लेकीलाही ऐकू यावं म्हणून. आईने "जेवलीस का?" तीनदा विचारलं. मग म्हणाली, "बरं, येते हं मी." फोन न ठेवताच उठली. सपाता लांब गेल्या. मग दार हलवल्याचा आवाज. थांबून, पुन्हा.

"आजी कुठे जातेय?" लेकीने विचारलं.

"घरी."

"बट शी इज होम."

तुमच्यापैकी जे तिकडे राहिलात आणि जे माझ्यासारखे इकडे आलात, त्यांना याचं उत्तर सुचलं तर कळवा. कार्डावरची मिनिटं संपेपर्यंत आम्ही दोघी तो खडखडाट ऐकत बसलो. घर म्हटलं की आता मला नाशिक आठवत नाही, मॉरिसव्हिलही नाही. एक दार आठवतं, आणि कडी कुठल्या बाजूला आहे ते.

सोमवारी तिकीट काढलं. दादाला सांगितलं, "कडी काढून ठेव. मी येते."

"नक्की ना?" त्याने विचारलं. त्यालाही माहीत आहे, आमच्या घरातून निघून जाणारा प्रत्येक माणूस हेच म्हणतो.