त्याला डबकं म्हणायचं

मी साताऱ्याकडची. आमच्याकडे डबकं म्हणजे रस्त्यात साचलेलं घोट्याएवढं पाणी. तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या शाळेत मी रुजू झाले, तेव्हा शाळेखालच्या नदीतल्या पाण्यालाही सगळे डबकंच म्हणत. दोन्ही बाजूंना काळा कातळ आणि मध्ये हिरवंकाळं, न हलणारं पाणी. उन्हाळ्यात नदी आटायची, ते आटत नसे. मी तिसरीच्या मुलांना सांगितलं, हा डोह, आणि फळ्यावर तसं लिहिलं. एकानेही ते वहीत उतरवून घेतलं नाही.

मधल्या सुट्टीत खिचडी शिजवणाऱ्या ताई आत आल्या आणि त्यांनी फळा पुसून टाकला. त्यांचा दीर तिथे बुडाला होता. चांगला पोहणारा माणूस, म्हैस धुवायला उतरला तो वर आलाच नाही. दोरीला दगड बांधून सोडला, तर दोरी संपली, तळ लागला नाही. तेव्हापासून पाड्यावर 'डोह' हा शब्द कुणी काढत नाही.

"मोठं नाव दिलं की ते तेवढंच मागतं, बाई," ताई म्हणाल्या.

मी हसले नाही, पण मला पटलंही नाही.

२०१८च्या हिवाळ्यात आमच्या भागात भूकंपाचे धक्के सुरू झाले. वर्ग अंगणात भरू लागले. एका दुपारी हापशाला गढूळ पाणी आलं, म्हणून भांड्यांसाठी पाणी आणायला ताई नदीवर निघाल्या. मीही कळशी घेतली. वारा अजिबात नव्हता. कळशी बुडवणार तोच सगळ्या पाण्यावर एकदम बारीक काटा आला, अंगावर येतो तसा. पाखरं गप्प झाली. मग ट्रकमधून दगड ओतावेत तसा आवाज खालून आला आणि कातळ हलला.

मी मागे सरले. ताई मात्र वाकून पाण्याशी हळू आवाजात बोलल्या, "डबकं आहेस तू. डबक्यासारखं राहा."

वर मुलं सुखरूप होती. एका भिंतीला तेवढा तडा गेला होता. संध्याकाळी मसोलीला माझ्या भाड्याच्या खोलीवर परतताना चारोटीच्या नाक्यावर जीप बदलली, चहा घेतला, पण कपातल्या चहाकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी डबक्याचं पाणी हातभर खाली गेलं होतं. आठवड्याने ते पुन्हा वर आलं, पावसाचा थेंब नसताना. ताईंनी ते काठावरून पाहिलं, आणि हापसा अजून गढूळच असला तरी तेव्हापासून त्या नदी सोडून शेजारच्या पाड्यावरच्या विहिरीवर जाऊ लागल्या. लांब पडायचं. बदली होईपर्यंत मीही त्यांच्याबरोबर तिकडेच जात राहिले.