जस्त गैरहजर!

भेटेल त्या माणसाचा सल्ला मनापासून पाळणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, तो म्हणजे माझ्या बायकोचे मामा. तलासरीकडच्या शाळेत हयात घालवून हे मास्तर कोसबाडच्या आपल्या चिकूवाडीत स्थिरावले, आणि संधिवाताने त्यांची बोटं धरली. सकाळी मूठ वळेना. समाचाराला येणारा प्रत्येक जण एकेक पदार्थ बंद करून जाई. वांगं वातूळ, म्हणून वांगं गेलं. आंबट वाईट, म्हणून लिंबू, ताक, टोमॅटो गेले. मग डाळी, मग अंडी, मग मासे. समुद्राचा रस्ता विचारायला स्कूटर थांबवलेल्या एका परक्या माणसाने त्यांचा हात पाहून "काका, मुळा सोडा" म्हटलं, तर त्या दिवसापासून मुळाही हद्दपार. ताटात उरला भात आणि मीठ. "आता कोणी पाणी वातूळ म्हणायला येऊ नये म्हणजे मिळवली," मामी म्हणायच्या.

२०१७च्या नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी मी त्यांना डहाणूच्या बँकेत नेलं. पेन बोटांत ठरेना, सही जुळेना. कारकून अदबीने म्हणाला, "काका, अंगठा लावा ना." मागे रांगेत एक म्हातारी होती. प्रौढांच्या वर्गात मामांनीच तिला सही शिकवली होती. ती म्हणाली, "गुरुजी, तुम्हीच अंगठा लावाल, तर मला कशाला एवढं गिरवायला लावलं?"

मामांनी फॉर्म घडी करून खिशात घातला. "जावईबापू, पेन्शन थांबू दे. अंगठा नाही!" पेन्शन खरंच थांबली.

मग मात्र मामींनी त्यांना ओढतच डॉक्टरीणबाईंकडे नेलं. सांध्यांना सूज होतीच. शिवाय लोह, बी-बारा, ड जीवनसत्त्व, सगळंच तळाला गेलेलं. "मास्तर, अंगात रोज आग लागतेय, आणि तुम्ही पाणी आणणाऱ्यांनाच घालवून दिलंत!" बाई म्हणाल्या. "औषध चुकवायचं नाही. आणि जेवायचं!"

रक्तात दुसरं काही नसलं तरी सल्ला पाळणं मामांच्या रक्तात होतंच. त्यांनी कोरा हजेरीपट काढला. ताट समोर आलं की पुकारा सुरू. "लोह?" मामी नागलीची भाकरी आणि शेवग्याचा पाला दाखवत. "हजर. जस्त? जस्त गैरहजर!" "अहो, तिळाच्या चटणीत बसलंय ते, नीट बघा." जेवणावर चहा घेतला तर लोह अंगी लागत नाही, हे कळल्यावर त्यांनी भेटायला आलेल्या आमच्या व्याह्यांच्या ओठाला लागलेला कप काढून घेतला. किनाऱ्यावरच्या आगरहून मांदेली घेऊन येणाऱ्या कोळीणबाईला ते माशातल्या पोषणावर इतके प्रश्न विचारत, की ती एकदा टोपली उचलत म्हणाली, "मास्तर, मासे घ्या, परीक्षा नका घेऊ!" भर उन्हात ते अंगणात उघड्या पाठीने बसत आणि पोस्टमनला हाताने थांबवत. "थांब जरा, ड घेतोय." औषधाची गोळी मात्र मामी स्वतः उभ्या राहून देत. तेवढ्या बाबतीत त्यांचा या विद्यार्थ्यावर विश्वास नव्हता.

होळीच्या आधी एका सकाळी मामांनी सदऱ्याची गुंडी स्वतः लावली आणि मला फोन केला. "चला बँकेत."

त्यांनी सही केली. कारकुनाने जुना नमुना काढला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. "जुळली!" रांगेत कोणीतरी टाळी वाजवली. "आणखी एक करून दाखवू?" मामा म्हणाले, आणि कोणी हो म्हणायच्या आत त्यांनी तीन केल्या. एवढ्यावर न थांबता ते बाकावर बसले आणि बँक बंद होईपर्यंत येईल त्याचे फॉर्म भरून देत राहिले, वळणदार, मोत्यासारख्या अक्षरात. उठले तेव्हा मान अशी ताठ, जणू जिल्ह्यात पहिले आले होते.

परतताना आम्ही रिक्षात बसलो. दोन बोटं कायमची वाकडी राहणार, हे डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं. तो हात मांडीवर उघडा ठेवून ते बाहेरच्या वाड्यांकडे पाहत होते.

"जावईबापू," ते म्हणाले, "आता एखादा वर्ग मिळाला असता ना..."

आणि त्या वाकड्या बोटाने त्यांनी मांडीवर एक अक्षर गिरवलं.